थॉर्नबी साहेबाचं अक्षर

यवतमाळात मला बरेच जण ‘अक्षरवाल्या राठोड मॅडम’ म्हणून ओळखतात. आजोबांचं खरेदीखत, डॉक्टरची जुनी चिठ्ठी, शाळेच्या दाखल्यावर हेडमास्तरांनी गिरबटलेला शेरा, असं काही दुसऱ्या कुणाला लागेनासं झालं की माणूस माझा पत्ता विचारत येतो. मी चष्मा पुसते, कागद उजेडाकडे धरते आणि बहुतेक वेळा सांगून टाकते. याचा मला गर्व आहे, आणि तो लपवायचं माझं वय आता राहिलेलं नाही.

या अंकाच्या संपादकांनी कोर्टातल्या आठवणी लिहा म्हणून सांगितलं होतं. त्या थोड्या येतीलच. पण मला खरं लिहायचं आहे ते निवृत्तीनंतरच्या एका कामाबद्दल, एका इंग्रज साहेबाबद्दल आणि त्यानं लिहिलेल्या एका तीन अक्षरांच्या शब्दाबद्दल.

माझा जन्म उमरखेडजवळच्या तांड्यातला. घरात आम्हा बंजाऱ्यांची गोरबोली, शाळेत मराठी, आणि नोकरी लागली तिथं इंग्रजी. कोर्टाच्या नक्कल विभागात मी लागले. निकालाची, हुकूमनाम्याची प्रत कुणाला हवी असली की तो अर्ज करतो आणि आमच्यासारखी माणसं मूळ कागदावरून ती प्रत तयार करतात. पुढं झेरॉक्स आली तरी जुने जीर्ण कागद हातानंच उतरवावे लागत. प्रत झाली की रुजुवात घ्यायची. म्हणजे एकानं अस्सल कागद मोठ्यानं वाचायचा आणि दुसऱ्यानं नकलेवर बोट ठेवून ऐकायचं. जुळलं की ‘बरोबर’ म्हणायचं, नाही जुळलं तर गप्प बसायचं. तेवढ्या गप्प बसण्यावरून वाचणाऱ्याला कळतं की कुठं तरी अडलं. माझे पहिले वरिष्ठ सांगायचे, “बाई, नक्कल अस्सल बरहुकूम पाहिजे. अस्सलात चूक असली तर चूक उतरवायची. शहाणपण घरी ठेवून यायचं.”

एकदा वणीकडचे दोन भाऊ एका जुन्या हुकूमनाम्याच्या नकलेसाठी आले. एकत्र आले नाहीत, एक सकाळी आला आणि दुसरा दुपारी. वडलांच्या वेळच्या वाटणीत धाकट्याला शेताचा ‘पूर्व हिस्सा’ दिला होता की ‘पूर्ण हिस्सा’, एवढाच वाद. लिहिणाऱ्यानं ‘व’ असा काढला होता की त्याला ‘ण’ म्हणावं तरी चालेल. थोरला म्हणाला, “बाई, तुमी पूर्व लिवा, बाकी मी पाहून घेतो.” धाकटा नुसता हात जोडून उभा राहिला. ते जास्त जड जातं. मी दोघांनाही नक्कल दिली नाही. अस्सल कागद न्यायाधीशांसमोर ठेवला, शेजारी त्याच लेखकाच्या हातचे दहाबारा ‘व’ आणि ‘ण’ काढून ठेवले. साहेबांनी भिंग लावून बराच वेळ पाहिलं आणि ‘पूर्व’ ठरवलं. धाकटा पुढं कित्येक वर्षं बसस्टँडवर दिसला की मान फिरवायचा. मग एका वर्षी आपण होऊन सीताफळं घेऊन आला. म्हणाला, “पूर्वेकडं पानी लागलं, मॅडम.”

निवृत्त झाले तेव्हा वाटलं होतं, आता नातवंडं आणि टीव्ही. आमचे हे एसटीतून आधीच निवृत्त झाले होते आणि घरात एक रिकामा माणूस पुरेसा असतो हे मला दिसत होतं. म्हणून कोर्टाजवळच्या झेरॉक्सच्या दुकानावरची खोली घेतली आणि वैशालीला सोबत घेतलं. वैशाली मारेगावची. इंग्रजी घेऊन एम.ए. झाली, एका खासगी शाळेत शिकवत होती, शाळा बंद पडली. तिचं टायपिंग असं की छतावर गारा पडल्यासारखा आवाज येतो. आम्ही जुने कागद वाचून टाइप करून द्यायचं काम सुरू केलं. आधी इथली कामं आली. मग नागपूरच्या एका एजंटाकडून बाहेरची येऊ लागली, आणि तशीच एक दिवस इंग्लंडातून पत्रांची छायाचित्रं आली.

काम होतं मार्गारेट नावाच्या बाईंचं. सत्तरीच्या, शाळेत शिकवून निवृत्त झालेल्या. त्यांच्या आजीचा भाऊ इंग्रजांच्या वकिलातीत अधिकारी होता. दोन महायुद्धांच्या मधली सगळी वर्षं तो युरोपातल्या या राजधानीतून त्या राजधानीत बदलत राहिला आणि दर रविवारी बहिणीला पत्र लिहीत राहिला. बहिणीनं ती सगळी जपली. मार्गारेटबाईंना त्या पत्रांचं पुस्तक करायचं होतं. हल्ली असलं काम आधी संगणकाला देतात. त्यांनीही दिलं होतं, पण संगणकानं त्या अक्षरापुढं हात टेकले. मग ते काम पुण्याला आलं, तिथून नागपूरला, आणि नागपूरहून आमच्या खोलीत. करारात नावं उघड करायची नाहीत असं कलम आहे, म्हणून मी त्याला थॉर्नबी साहेब म्हणते, त्याच्या बहिणीला विनी, आणि राजधान्यांची नावं घेत नाही. बाकी सगळ्यांची नावंही बदलली आहेत.

पहिल्या दिवशी वैशालीनं एक पान उघडलं आणि म्हणाली, “बाप्पा बाप्पा! हे अक्षर हाये का मुंग्याईची रांग?” मी हसले. कोर्टात याहून वाईट पाहिलं होतं.

अनोळखी अक्षर वाचायची रीत सांगते, कारण लोकांना वाटतं ती काही तरी सिद्धी आहे. आधी सोपी पानं घ्यायची. जे शब्द नक्की लागतात त्यातलं एकेक अक्षर उचलून तक्ता करायचा. या माणसाचा ‘ए’ असा, ‘आर’ असा, घाईत ‘आर’ तसा, दमलेला असताना आणखी वेगळा. म्हणजे त्या माणसाची बाराखडी नव्यानं शिकायची. महिनाभर कुठंही अंदाजानं शब्द भरायचा नाही. अंदाज हा या धंद्यातला सगळ्यात गोड बोलणारा शत्रू आहे. तक्ता भरला की एक दिवस पान आपोआप बोलायला लागतं.

थॉर्नबी साहेब बोलायला लागला आणि आम्हाला तो आवडला. खोटं कशाला सांगू? विनोदी होता. कुठल्या राजधानीतलं लोणी कसं लागतं यावर त्याची मतं पक्की होती. एका मेजवानीत तिथल्या मंत्र्याच्या कुत्र्यानं तहाच्या मसुद्यावर पाय ठेवला, तर यानं बहिणीला लिहिलं की सगळ्या सह्यांत तीच सही मनापासूनची होती. त्याची बढती व्हायची नाही. बदली व्हायची ती आधीच्याहून लहान गावाला. दर वेळी नवं घर, नवी शेगडी, नवा धोबी. मी स्वतः यवतमाळहून पुसद, पुसदहून वणी, तिथून परत, अशी फिरलेली बाई. बदलीच्या हुकमाचं पाकीट हातात घेऊन बसलेला माणूस मला परका वाटणार कसा? वैशाली म्हणायची, “बहिनीले कोन इतकं लिवते, मॅडम? माहा भाऊ तं मले मिस कॉल देते.”

काही पत्रं त्यानं आडवी लिहून, मग कागद फिरवून त्याच ओळींवर उभी लिहिली होती. वकिलातीच्या टपालाच्या थैलीत वजनाची मर्यादा असावी. ती वाचायला वैशालीनं लॅपटॉप पुस्तकासारखा उभा धरला आणि मान वाकडी करून तासन् तास टाइप केलं. त्या आठवड्यात तिची मान आखडली आणि आमच्या ह्यांनी तिला निर्गुडीचा शेक घ्यायला सांगितलं.

फजितीही झाली. एका बाजारात त्याला फिरस्ते लोक भेटले होते आणि त्यांचे काही शब्द त्यानं ऐकून लिहून घेतले होते. मी वाचते तो पानी, कान, नाक! माझ्या अंगावर काटा आला. हे आमचेच लोक, आमचीच बोली, तांड्यावरून तांड्यावर जात थेट युरोपात! मी लगेच मार्गारेटबाईंना लांबलचक मेल लिहून टाकली. वैशालीनं ती वाचली आणि हळूच म्हणाली, “मॅडम, हे तं आमच्या मारेगावचं वऱ्हाडीबी हाये.” बाईंनी एका जाणकाराला विचारून कळवलं की ते लोक फार पूर्वी हिंदुस्थानातूनच गेलेले, पण त्यांची भाषा वेगळी. मुळं शेजारची म्हणायची. मी याडीला, म्हणजे माझ्या आईला, फोनवर सांगितलं. ती म्हणाली, “मग दूरचे सोयरे धर. आपल्याला सोयऱ्याची काय कमी?”

असं सगळं मजेत चाललं असताना रोझा आली.

दुसऱ्या महायुद्धाच्या आदल्या वर्षीची पत्रं होती ती. साहेब तेव्हा ज्या गावी होता तिथं रस्त्यावर गणवेशातली माणसं वाढली होती आणि ज्यू लोकांची दुकानं फुटत होती. रोझा ही वकिलातीतल्या लोकांचे कपडे शिवणारी ज्यू बाई. साहेबाच्या शर्टांच्या कॉलर ती उलटून शिवायची, म्हणजे झिजलेली बाजू आत जाते. तिची बहीण लेना आधीच इंग्लंडात पोचली होती, विनीच्याच गावी एका घरी स्वयंपाक करायची. विनीनं भावाला वारंवार लिहिलं असणार की रोझाला इंग्लंडात येण्याचा परवाना मिळवून दे. विनीची पत्रं आमच्याकडे नव्हती, पण उत्तरांवरून प्रश्न कळतो. साहेब लिहायचा, रोझा रोज सकाळी येते, शेगडीपाशी उभी राहते, काही बोलत नाही. एकदा लिहिलं, ती उभी असली की मला काम सुचत नाही. मग एका पत्रात ती ओळ आली. ‘तू रोझाबद्दल विचारतेस. आय हॅव,’ मग तो एक शब्द, मग ‘गिव्हन हर द पेपर. तू लेनाला तसं सांगू शकतेस.’ आणि पुढं लगेच लोण्याबद्दल.

तो मधला शब्द नेमका कागदाच्या घडीवर होता. शाई फुटलेली. ‘नाऊ’ म्हटलं तर आता कागद दिला. ‘नॉट’ म्हटलं तर नाही दिला. सगळा फरक शेवटच्या अक्षराचा.

मला पहिल्यांदा ‘नाऊ’ दिसला. वैशालीलाही. आम्ही दोघींनी सुटकेचा श्वास सोडला आणि त्याच श्वासानं मी सावध झाले. जे वाचून बरं वाटतं ते दोनदा वाचायचं, ही माझी जुनी सवय. आम्ही तक्ता काढला. त्याच्या सगळ्या पत्रांतले ‘नाऊ’ आणि ‘नॉट’ एकाखाली एक लावले. घाईत हा माणूस ‘टी’ची आडवी रेघ द्यायचाच नाही, नुसता दांडा वर नेऊन एक गिरकी मारायचा. तो पहिल्या नजरेला ‘डब्ल्यू’ वाटायचा. पण खरा ‘डब्ल्यू’ काढताना त्याची दोन टेंगळं कधी चुकली नव्हती, तापात लिहिलेल्या पत्रातही नाही. घडीवरच्या शब्दाला टेंगूळ एकच होतं.

“मले तं सरळसरळ नॉट दिसून राह्यलं,” वैशाली म्हणाली. “नाऊ म्हनाले जागाच नाही.”

आम्ही ‘नॉट’ लिहिलं, खाली टीप दिली आणि पान पाठवलं.

मार्गारेटबाईंचं उत्तर सभ्य होतं. कृपया तिथं ‘नाऊ’ करा. आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे की मामाआजोबांनी नियम मोडून त्या बाईला कागद दिला होता. आजी दर नाताळला हे सांगायची. मी प्रस्तावनाही त्यावरच लिहिली आहे. रोझा मग का आली नाही, हे मात्र कुणालाच कळलं नाही.

मी उलट लिहिलं की अक्षर ‘नॉट’ सांगतं. दुसऱ्या दिवशी नागपूरच्या एजंटाचा फोन. “मॅडम, पत्र तिच्या घरचं, मानूस तिच्या घरचा. तुमाले कायले पंचाईत? नाऊ म्हनते तं नाऊ लिवून टाका. अजून अर्ध काम बाकी हाये, हातचं जाईन.”

मी फोन ठेवला आणि वैशालीकडं पाहिलं. काम गेलं तर माझी पेन्शन होती. तिचं घर या खोलीवर चालत होतं. म्हणून म्हटलं, तू सांग.

तिनं कीबोर्डवरची धूळ पुसली. मग म्हणाली, “मॅडम, माह्या बारावीनंतर एका दाखल्यासाठी बाबा रोज खिडकीपुढे जाऊन उभे राहात. उद्या या, उद्या या. कागद भेटला तवा ॲडमिशन बंद होऊन गेलते, वरीसभर घरी बसली मी. लोकाईले वाटे, पोरीनंच शिकाचं सोडलं. त्या रोझाले कागद भेटला नसन आन् आपन भेटला म्हनून लिवलं, तं तिचं रोजचं उभं राहनंबी खोटं पडलं ना. काम गेलं तं जाईन. मी नाऊ टाइप नाही करत. तुमी करा म्हनसान तं तुमी करा.”

मी जन्मभर खिडकीच्या आतल्या बाजूला बसलेली बाई. आतून बाहेरचं माणूस फक्त छातीपर्यंत दिसतं. त्या दिवशी वैशालीकडं मी जरा वेगळ्या नजरेनं पाहिलं, एवढं खरं.

आम्ही ‘नॉट’ बदलला नाही. मी बाईंना लिहिलं की तुम्ही पुस्तकात काय छापायचं ते छापा, मालक तुम्ही. आमच्या नकलेत मात्र जे दिसतं तेच राहील, आणि हवं तर प्रत्यक्ष दाखवीन. हे मी आपलं लिहायचं म्हणून लिहिलं होतं. बाई खरंच आल्या.

टिपेश्वर अभयारण्यातला वाघ पाहायला त्या हिवाळ्यात येणारच होत्या, वाट वाकडी करून यवतमाळला उतरल्या. उंच, सडसडीत, पायात शाळेच्या पीटी मास्तरांसारखे बूट. कापसाचे दिवस होते. त्यांनी आल्या आल्या विचारलं, रस्त्याकडेच्या काटेरी झाडांवर ते पांढरं काय अडकलंय? मी सांगितलं, गाड्यांतून उडालेला कापूस. बाभळी गाडीमागं एकेक चिमटा काढून घेतात. त्या खळखळून हसल्या. हसणं अगदी साहेबाच्या पत्रासारखं होतं.

आमच्या ह्यांनी चहा आणून ठेवला. वैशालीनं साहेबाच्या वेगवेगळ्या पत्रांतल्या ओळी पडद्यावर तयार ठेवल्या होत्या. मी बाईंना म्हटलं, “आमच्या कोर्टात याला रुजुवात म्हणतात. अस्सल तुम्ही वाचायचं. नकलेवर बोट ठेवून मी बसते. जुळलं की बरोबर म्हणेन.”

“आणि नाही जुळलं तर?”

“तर काही म्हणणार नाही.”

त्या वाचू लागल्या. आवाज शिक्षिकेचा, स्पष्ट. इथलं लोणी नॉट खाण्याजोगं. मी म्हटलं, बरोबर. राजदूत नाऊ बरे आहेत. बरोबर. मला बढती मिळेल असं नॉट वाटत. बरोबर. पाऊस नाऊ थांबला. बरोबर. प्रत्येक ओळीगणिक त्यांचा वेग वाढला, त्यांना ते अक्षर लागत चाललं होतं, आणि लागल्याचा आनंद चेहऱ्यावर दिसत होता. मला तो आनंद ओळखीचा आहे. मग पडद्यावर घडीची ओळ आली.

“आय हॅव नॉट,” त्यांनी वाचलं, आणि थांबल्या.

माझं बोट त्या शब्दावर होतं. जुळलं होतं, तरी ‘बरोबर’ म्हणायला तोंड उघडेना.

“पुन्हा दाखवा,” त्या म्हणाल्या. वैशालीनं मोठं करून दाखवलं. आणखी मोठं. बाईंनी चष्मा काढला, घातला. “माझ्या आजीला इथं ‘नाऊ’ दिसलं होतं. ती मूर्ख नव्हती.”

“मूर्ख कशाला? पहिल्यांदा आम्हालाही ‘नाऊ’च दिसलं. भाऊ कागद देईल असं तिला वाटत होतं, तिला ते दिसलं.”

“तुम्ही त्याला ओळखत नव्हतात, मिसेस राठोड.”

“तुम्हीही नाही,” मी म्हटलं. “पण त्याचं अक्षर मी ओळखते.”

त्या उठल्या. वैशालीनं इंग्रजीत सांगितलं की मॅडम, कागद द्यायचा अधिकार त्याच्या हातात होता की नाही तेही पत्रांतून कळत नाही, त्याला वाईट म्हणायचं म्हणून आम्ही हे लिहिलेलं नाही. बाईंनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. जिना उतरून गेल्या. चहावर साय धरली होती.

“दारात आलेल्या पाहुणीला असं सांगतात का?” आमचे हे म्हणाले.

“मग कसं सांगतात?” मी म्हटलं. त्यांनी कप उचलून नेले.

नंतर बरेच दिवस काहीच आलं नाही. एजंटानं फोन घेणं सोडलं. वैशालीनं शिकवणी सुरू केली. माझं म्हणाल तर ‘नॉट’बद्दल मला एका क्षणाचीही शंका आली नाही, पण एका गोष्टीची रुखरुख होती. साहेबाचं राहिलेलं बाड उघडून मी एकटीच वाचत बसायची, आणि त्याच्या विनोदांवर पूर्वीसारखं हसू येत नव्हतं. रोझाचं नाव पुढं कुठंच नव्हतं. त्या पत्रानंतर लवकरच त्याची दुसऱ्या गावी बदली झाली. तिथला धोबी कॉलरला जास्त खळ घालतो, अशी तक्रार त्यानं केली होती. दोन वर्षं मी या माणसाच्या सहवासात काढली होती आणि आता तो घरातल्या एखाद्या नातेवाइकासारखा झाला होता. तोडता येत नाही आणि जवळही बसवत नाही.

कापूस संपला, उन्हं तापली, आणि मार्गारेटबाईंची मेल आली. अगदी थोडक्यात. ‘नॉट’ ठेवा. प्रस्तावना मी नव्यानं लिहिते आहे. उरलेलं काम पूर्ण करा. एक विनंती, आजी चुकली असं छापू नका. मी टीप केली, ‘शब्द घडीवर असून शाई फुटली आहे. पूर्वी तो ‘नाऊ’ असाही वाचला गेला.’ दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. बाईंनी आभार मानले. वैशालीनं शिकवणी सोडली नाही, पण दुपारी खोलीवर परत येऊ लागली.

पुस्तक आलं. जाड, देखणं. आतल्या एका पानावर बारीक टाइपात आम्हा दोघींची नावं आहेत, खाली यवतमाळ. यवतमाळचं स्पेलिंग एका अक्षरानं चुकलं आहे. वैशाली म्हणते दुसऱ्या आवृत्तीत दुरुस्त करायला सांगू. मी म्हटलं, राहू दे, अस्सलातली चूक आहे.

इथं हे संपलं असतं तरी मी समाधानी होते. पण गेल्या वर्षी बाईंनी एक पत्र पुढं पाठवलं. लेनाच्या नातीनं त्यांना लिहिलं होतं. तिला हे पुस्तक कुठल्याशा ग्रंथालयात दिसलं, आजीच्या गावाचं नाव पाहून तिनं उघडलं आणि ती ओळ तिच्यापुढं आली.

तिनं लिहिलं होतं ते असं. त्या वर्षी विनीनं लेनाला आनंदानं सांगितलं की तुझ्या बहिणीला कागद मिळाला. लेना बंदरावर जायला लागली. बोट आली की जायची. रोझा उतरली नाही. मग लढाई सुरू झाली आणि बोटी थांबल्या. त्या गावी रोझाचं एका माणसाशी लग्न ठरत होतं, हे लेनाला ठाऊक होतं. तिनं धरून घेतलं की हातात कागद असून बहीण त्या माणसासाठी मागं राहिली, एकटी पडलेल्या आपल्याकडं यायचं तिनं टाळलं. रोझाचं पुढं काय झालं हे कुणालाच नक्की कळलं नाही, आणि त्या काळात न कळणं म्हणजे काय ते सगळ्यांना कळत होतं. तरीही लेना विरघळली नाही. म्हातारी होऊन गेली, पण घरात रोझाचं नाव घेऊ दिलं नाही. मुलीनं एकदा विचारलं तर म्हणाली, “तिला यायचं नव्हतं.”

वैशाली मोठ्यानं वाचत होती, ती इथं थांबली. मी पडदा माझ्याकडं वळवला आणि पुढचं मी वाचलं.

लेनाची ती मुलगी आता ऐंशीच्या पुढं आहे. नातीनं पुस्तकातलं ते पान तिला वाचून दाखवलं. तिनं पुन्हा वाचायला सांगितलं. मग आणखी एकदा. मग म्हणाली, माळ्यावरची पेटी काढ. पेटीत रोझाचा एक फोटो होता, जाड कागदात गुंडाळून दोरीनं बांधलेला. म्हातारीनं दोरी स्वतः सोडली आणि दिवाणखान्याच्या भिंतीवर आपल्या आईच्या, लेनाच्या फोटोशेजारी खिळा ठोकायला लावला.

नातीनं त्या भिंतीचं छायाचित्र पाठवलं होतं. आम्ही रोझाला पहिल्यांदा पाहिलं. गोल चेहऱ्याची, दाट केसांची, फोटो काढणाऱ्यानं काही तरी सांगितलं असावं म्हणून हसू दाबून बसलेली मुलगी. शेगडीपाशी न बोलता उभी राहणारी बाई माझ्या मनात कितीतरी पोक्त होती.

“मॅडम,” वैशाली म्हणाली, “हे तं माह्याहून लहान हाये.”

पत्राच्या शेवटी नातीनं आणखी एक गोष्ट लिहिली होती. फोटो लावून झाल्यावर म्हातारी त्याच्यापुढं उभी राहून बराच वेळ बोलत होती. काय बोलली ते नातीला कळलं नाही. ती दोघी बहिणींची भाषा होती, आणि आता त्या घरात ती भाषा म्हातारीखेरीज कुणालाच येत नाही.